दाताचं काम झाल्यावर तोंड बधीर राहिलं तर : थांबायचं कधी, निघायचं कधी

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. त्यामुळे गाईड, लेण्यांच्या दाराशी पुस्तकं आणि मूर्ती विकणारे, हॉटेलांत काम करणारे अशा बऱ्याच जणांची शहरातली कामं मंगळवारीच उरकली जातात. दाताचंही तसंच. सकाळी खुलताबाद-दौलताबाद मार्गे संभाजीनगर गाठायचं, दाढ काढून घ्यायची आणि दाताखाली कापसाचा बोळा दाबून तीसेक किलोमीटर परत यायचं. बुधवारी पुन्हा कामावर.

बुधवारी सकाळीही ओठ जडच असेल, तर प्रश्न पडतो. 'उतरेल हळूहळू, नाहीच उतरलं तर पुढच्या मंगळवारी दाखवू' असं म्हणून माणूस कामाला लागतो. बहुतेक वेळा ते निभावूनही जातं. पण काही कामांनंतर पहिले एक-दोन दिवसच मोलाचे असतात आणि पुढचा मंगळवार उजाडेपर्यंत उशीर झालेला असतो.

कोणता बधिरपणा थांबू शकतो आणि कोणता नाही, याचा अंदाज आपल्यालाही घेता येतो. त्यासाठी तीन गोष्टी ठाऊक हव्यात : काम कोणतं झालं, सुई किती वाजता टोचली आणि नेमकं कुठं बधीर आहे. आता सुरुवातीपासून एकेक टप्पा बघू.

सुई टोचण्याआधी

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, एखाद्या औषधाची ॲलर्जी, गरोदरपण यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता सांगून टाका. पूर्वी कधी दाताच्या कामानंतर जीभ किंवा ओठ जास्त दिवस बधीर राहिला असेल, तर तेही सांगा.

खालची अक्कलदाढ काढायची असेल तर एक प्रश्न जरूर विचारा : 'दाढेचं मूळ नसेच्या किती जवळ आहे?' खालच्या जबड्याच्या हाडात आतून एक बारीक नलिका जाते. तिच्यातून मज्जातंतू, म्हणजे संवेदना मेंदूकडे नेणारी नस, पुढं ओठ आणि हनुवटीपर्यंत येते. अक्कलदाढेची मुळं कधी कधी या नलिकेला टेकलेली असतात.

हे बघण्यासाठी ओपीजी काढतात. दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा हा मोठा एक्स-रे. त्यात नलिकेच्या कडा दोन पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात. दाढेच्या मुळाशी रेघ तुटलेली असेल, नलिका वाकलेली असेल किंवा मूळ तिथं काळसर दिसत असेल, तर डॉक्टर सावध होतात. गरज वाटली तर सीबीसीटी, म्हणजे जबडा सगळ्या बाजूंनी दाखवणारं स्कॅन, करायला सांगतात. मूळ फारच चिकटलेलं असेल तर मुळं जागेवर ठेवून दाढेचा फक्त वरचा भाग कापून काढण्याचाही मार्ग आहे.

घाबरण्यासारखं यात काही नाही. खालची अक्कलदाढ काढल्यावर ओठ कायमचा बधीर राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. काही दिवस किंवा काही आठवडे टिकणारा बधिरपणा त्याहून अधिक जणांना येतो. संमतिपत्रावर हेच लिहिलेलं असतं. सही करण्याआधी ते वाचा, कळलं नाही तर वाचून दाखवायला सांगा.

इंजेक्शन नेमकं काय करतं

आपल्याकडे दातासाठी बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन वापरतात. हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं आणि आजही जगभर वापरात आहे. मज्जातंतूतून दुखण्याचा संदेश पुढं जायचा असेल तर त्याच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांमधून सोडियमचे कण आत शिरावे लागतात. लिग्नोकेन ही दारं काही काळ बंद करतं. संदेश तिथंच अडतो आणि मेंदूला दुखणं कळत नाही.

या औषधात बहुधा थोडं ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं. त्यानं आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तातून लगेच वाहून जात नाही आणि परिणाम जास्त वेळ टिकतो. पुढं रक्त हळूहळू ते औषध घेऊन जातं, यकृतात त्याचं विघटन होतं, दारं उघडतात आणि संवेदना परत येते.

वरच्या आणि खालच्या दातांत मात्र फरक असतो. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असल्यानं दाताशेजारी औषध दिलं तरी ते मुळापर्यंत झिरपतं. खालच्या दाढांचं हाड घट्ट. तिथं जबड्याच्या मागच्या टोकाशी, आतल्या बाजूनं, मुख्य मज्जातंतू जिथं हाडात शिरतो त्या जागी सुई द्यावी लागते. मग त्या बाजूचे खालचे सगळे दात, अर्धा ओठ आणि अर्धी हनुवटी बधीर होते.

जीभही बधीर होते, कारण जिभेचा मज्जातंतू तिथंच अगदी शेजारून जातो. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची संवेदना तो नेतो आणि त्या भागाची चव नेणारे तंतूही त्याच्याच सोबत असतात. म्हणून इंजेक्शननंतर त्या बाजूला चहाची चव लागत नाही.

सुई टोचताना 'करंट' बसला तर

कधी कधी सुई आत जाताना ओठात किंवा जिभेत विजेचा झटका बसल्यासारखं होतं. सुई मज्जातंतूला चाटून गेली की असं होतं. त्याच क्षणी डोकं हलवू नका, हात वर करून खूण करा. डॉक्टर सुई थोडी मागं घेऊन दिशा बदलतात.

झटका बसला म्हणजे इजा झालीच असं नाही. झटका बसलेल्या बहुतेकांचा बधिरपणा नेहमीच्या वेळेत उतरतो. नुसत्या इंजेक्शनमुळे कायमची इजा होणं फारच दुर्मिळ आहे. खालच्या जबड्याच्या या इंजेक्शनबद्दल अमेरिकेत केलेल्या एका अंदाजात हे प्रमाण सुमारे सव्वीस हजारांत एक ते एक लाख साठ हजारांत एक इतकं निघालं. तरीही 'झटका बसला होता' ही नोंद केसपेपरवर करून घ्या. पुढं गरज पडली तर तीच कामाला येते.

पहिले पाच तास

सुई किती वाजता टोचली, ते मोबाईलवर किंवा केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब या वेळेपासून चालतो.

वरच्या दातासाठी दिलेल्या इंजेक्शनचा ओठ-गालावरचा बधिरपणा साधारण २ ते ३ तासांत उतरतो. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागं दिलेल्या इंजेक्शनचा ३ ते ५ तास राहतो. दात त्याआधीच, तासा-दीड तासात जागा होतो, म्हणून दाताला ठणका सुरू झाला तरी ओठ जडच असू शकतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बुपिव्हॅकेन नावाचं औषध वापरलं असेल तर ८-१० तासही लागतात. कोणतं औषध दिलं, ते निघतानाच विचारून घ्या.

या वेळेत ओठ सुजून लोंबतोय असं वाटतं. आरशात बघा, तो नेहमीसारखाच दिसेल. मेंदूला त्या भागाची खबर मिळत नसल्यानं तो जाड वाटतो, एवढंच.

नुकसान मात्र याच वेळेत आपल्याच हातून होतं. स्टँडवरचा कढत चहा ओठ भाजतो आणि कळत नाही. भूक लागली म्हणून भाकरी खाल्ली तर घासाबरोबर गाल चावला जातो. दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं दिसली तरी मोह आवरा, त्यांच्या बिया बधीर गालात कुठं अडकल्या ते कळणार नाही. बधिरपणा उतरेपर्यंत घन पदार्थ नकोत. प्यायचं ते गार किंवा कोमट, आणि दात काढला असेल तर स्ट्रॉ न वापरता. ओढून पिण्यानं जखमेतली रक्ताची गुठळी निघून येते.

तंबाखू, गुटखा, विडी-सिगारेट पूर्ण बंद. बधीर गालात धरलेली तंबाखूची गोळी नेमकी जखमेवर बसते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

लहान मुलांवर खास लक्ष ठेवा. बधीर ओठ मुलांना गमतीचा वाटतो, ती तो दातात धरून चघळत राहतात. दुसऱ्या दिवशी ओठ सुजतो आणि त्यावर पांढरट पापुद्रा दिसतो. घरचे घाबरतात, इंजेक्शन पिकलं म्हणून अँटिबायोटिक सुरू करतात. बहुतेक वेळा ती चावल्याची जखम असते. स्वच्छता ठेवली, तिखट टाळलं आणि ओठाला साधं व्हॅसलीन लावलं की आठ-दहा दिवसांत भरून येते. पू, ताप किंवा वाढत जाणारी सूज असेल तर मात्र मुलाला डॉक्टरांकडे न्या.

क्वचित तोंडाचा कोपरा ओघळतो आणि त्या बाजूचा डोळा मिटता येत नाही. औषध थोडं मागं, गालातल्या लाळग्रंथीपर्यंत गेलं की चेहरा हलवणारा मज्जातंतूही झोपतो. इंजेक्शननंतर लगेच असं झालं तर डॉक्टरांना तिथंच दाखवा. काही तासांत ते आपोआप ठीक होतं. तोवर डोळा स्वच्छ रुमालानं झाका आणि मोटारसायकल चालवू नका. घाटातली धूळ उघड्या डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होऊ शकते.

संवेदना परत कशी येते

आधी मुंग्या येतात, मग टोचल्यासारखं वाटतं, मग थोडी खाज सुटते आणि शेवटी स्पर्श नेमका कळू लागतो. मुंग्या आल्या की औषध उतरू लागलं असं समजा. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी सांगितली असेल तर या सुमारास घेतलेली बरी, म्हणजे ठणका एकदम अंगावर येत नाही.

ओठ चोळणं, गरम तेलानं मालीश करणं, गरम शेक देणं यानं औषध लवकर उतरत नाही. बधीर त्वचेला शेकानं फोड येतो आणि पहिल्या दिवशी शेक दिल्यानं सूजही वाढते. दात काढल्यावर पहिल्या दिवशी बाहेरून थंड पट्टी ठेवायची असते, तीही फडक्यात गुंडाळून आणि मध्ये थांबत थांबत. जखमेत लवंगेचं तेल ओतू नका, तोंडातली नाजूक त्वचा त्यानं पोळते.

रात्र झाली, तरी बधीरच

सुई टोचून ८ ते १२ तास झाले आणि ओठ, हनुवटी किंवा जीभ अजून जागी झाली नसेल, तर ते औषध उतरण्याची वाट बघण्याचा काळ संपला. डॉक्टरांना फोन करा. रात्र असेल तर सकाळी पहिलं काम हेच. पुढचा निर्णय कोणतं काम झालं यावर ठरतो.

इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दाताचा स्क्रू, खालच्या जबड्यात बसवला असेल तर अजिबात थांबू नका. स्क्रू नलिकेवर दाब देत असू शकतो. तसं असेल तर साधारण २४ ते ३६ तासांच्या आत तो काढला किंवा थोडा मागं घेतला तर मज्जातंतू सावरण्याची शक्यता वाढते.

खालच्या दाढेचं किंवा उपदाढेचं रूट कॅनाल झालं असेल तरीही लगेच निघा. दाताच्या मुळात भरलेला मसाला किंवा मूळ धुण्याचं औषध टोकातून बाहेर पडून नलिकेपर्यंत पोचलं, तर ते मज्जातंतूला दाबतं आणि जाळतं. बधिरपणाबरोबर आग होत असेल, ठणका वाढत असेल, तर एक्स-रे काढून बघायलाच हवा. पहिल्या २४ ते ४८ तासांत करण्यासारखं बरंच असतं, नंतर फारसं उरत नाही.

दाढ काढली असेल तर फोन त्याच दिवशी, तपासणी एक-दोन दिवसांत. इथं डॉक्टर बहुधा 'लक्ष ठेवू' म्हणतात आणि ते टाळण्यासाठी नसतं. काढतानाच्या ओढाताणीनं मज्जातंतू ताणला जातो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढून त्यावर दाब येतो आणि सूज उतरली की फरक पडू लागतो. सूज कमी करणारं औषध द्यायचं का, हे डॉक्टर पहिल्या काही दिवसांतच ठरवतात. मेडिकलवरून स्टेरॉईड आणून स्वतःच्या मनानं घेऊ नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही.

नुसतं इंजेक्शन देऊन दात भरला असेल आणि जीभ किंवा ओठ बधीर राहिला असेल, तर डॉक्टरांना कळवून नोंद करून घ्या आणि पुढच्या आठवड्यात तपासणी करा. पुढच्या मंगळवारपर्यंत थांबता येईल असा प्रकार हाच, तोही फोन केल्यानंतर.

आत काय झालेलं असू शकतं

हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९४३ साली मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार मांडले. डॉक्टर आजही त्याच भाषेत बोलतात. घरापासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत पाइपातून केबल नेलेली असते, तिच्यावरून हे तिन्ही प्रकार लक्षात येतील.

पहिल्या प्रकारात केबल आणि पाइप दोन्ही शाबूत असतात, फक्त प्रवाह खंडित झालेला असतो. मज्जातंतू दबला किंवा ताणला गेला की असं होतं. काही दिवसांत ते काही आठवड्यांत संवेदना पूर्ण परत येते.

दुसऱ्या प्रकारात आतली तार तुटलेली असते, पण पाइप शाबूत असतो. मज्जातंतूचा धागा त्याच्या आवरणातून पुन्हा वाढत जातो. ही वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर इतकीच. अक्कलदाढेपासून ओठापर्यंतचं अंतर पाच-सात सेंटिमीटर धरलं, तर पोचायला दोन-अडीच महिने लागणार, शिवाय वाढ सुरू होण्याआधीचे काही दिवस वेगळे. महिन्यात फरक पडला नाही म्हणून आशा सोडायची नाही, ती याचसाठी.

तिसऱ्या प्रकारात पाइपासकट केबल तुटते. वाढणाऱ्या धाग्याला वाट सापडत नाही. तिथं शस्त्रक्रियेशिवाय संवेदना परत येण्याची शक्यता फार कमी असते.

पहिल्या दिवशी तिन्ही प्रकार आपल्याला सारखेच वाटतात, ओठ बधीर. कोणता प्रकार आहे ते पुढच्या आठवड्यांत बधिरपणा कसा बदलतो यावरून कळतं. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची.

घरच्या घरी नकाशा काढा

आरसा, कापूस, दात कोरायची काडी आणि दोन चमचे घ्या. घरातल्या कुणाला तरी मदतीला बसवा. आपण डोळे मिटायचे.

कापसाचा धागा ओढून बारीक टोक करा. चांगल्या बाजूपासून सुरू करून ते ओठावर, हनुवटीवर हलकेच टेकवत बधीर बाजूकडे जा. कळेनासं झालं की तिथं डोळ्यांच्या पेन्सिलीनं किंवा लिपस्टिकनं ठिपका द्या. वरून, खालून, दोन्ही कडांनी असं केलं की बधीर भागाची सीमा उमटते. मोबाईलवर फोटो काढा. फोटोबरोबर तारीखही राहते.

मग काडीचं टोक हलकेच लावून बघा. टोचतंय की नुसता दाब कळतोय? एक चमचा गार पाण्यात, दुसरा कोमट पाण्यात बुडवून लावा. गार-गरम ओळखता येतंय का? चमचा कढत नको, आधी मनगटावर लावून बघा. जिभेसाठी ती बाहेर काढून दोन्ही कडांवर मीठ-साखरेचे कण ठेवून चव तपासा.

आठवड्यातून एकदा हे करा, रोज नको. रोज बघितलं तर फरक दिसत नाही आणि जीव मात्र टांगणीला लागतो. सीमा आत सरकत असेल, पूर्वी न कळणारं टोचणं कळू लागलं असेल, तर मज्जातंतू जागा होतोय. मुंग्या आणि मधूनच येणारी चमक हीसुद्धा बहुधा चांगली लक्षणं. सतत आग, कापूस लावला तरी कळ, ओठाला वारा लागला तरी सहन न होणं, हे मात्र चांगलं लक्षण नाही. ते लवकर दाखवा.

तपासणीला कुठं आणि काय घेऊन जायचं

आधी जिथं काम झालं त्याच डॉक्टरांकडे जा. सुई कुठं दिली, दाढ कशी निघाली, मुळाशी काय दिसलं, हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्याशी भांडण नको, पण नोंद हवी. एक्स-रेची प्रत, केलेल्या कामाचा कागद आणि दिलेल्या औषधांची नावं मागून घ्या.

दुसरं मत हवं असेल तर वेरूळकरांना जवळचं ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय. १९८२ साली सुरू झालेलं हे रुग्णालय घाटी रुग्णालयाच्या परिसरात आहे. केसपेपर काढताना 'दाताच्या कामानंतर बधिरपणा राहिलाय' असं स्पष्ट सांगा, म्हणजे मुखशल्यचिकित्सा विभागात, तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवतील. सकाळी लवकर पोचा, एक्स-रे आणि तपासण्यांत वेळ जातो.

तिथंही कापूस, सुईचं टोक आणि गार-गरम यांचीच तपासणी होते, फक्त अधिक बारकाईनं. दोन टोकं एकाच वेळी टेकवून 'एक की दोन?' असं विचारतात. ब्रश कोणत्या दिशेनं फिरवला, ते ओळखायला सांगतात. अंदाजानं उत्तर देऊ नका. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणा, त्यांना तीच माहिती हवी असते.

पुढचे आठवडे

बहुतेकांचा बधिरपणा पहिल्या दोन-तीन महिन्यांत निघून जातो किंवा बराच कमी होतो. जिभेच्या बाबतीत साधारण दहा आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. ओठ-हनुवटीचा मज्जातंतू हाडाच्या नलिकेत असतो, त्यामुळे वाढणाऱ्या धाग्याला वाट सापडायला मदत होते. तिथं सुधारणा सहा-नऊ महिने, कधी त्याहून जास्तही चालू राहते.

या काळात बी-१२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शनं सर्रास दिली जातात. शरीरात बी-१२ कमी असेल तर त्यांचा उपयोग आहे. शाकाहारी माणसात ते कमी असण्याची शक्यता अधिक, म्हणून रक्ततपासणी करून घ्या. पण तुटलेला मज्जातंतू या इंजेक्शनांनी जोडला जात नाही. त्यांच्या भरवशावर तपासणीची तारीख पुढं ढकलू नका.

आग किंवा कळा असतील तर साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. मज्जातंतूच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, प्रीगाबालिन, कार्बामाझेपिन यांसारखी. ती डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच घ्यायची आणि अचानक बंद करायची नाहीत. त्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यांनी आधी सांगावं.

तीन महिन्यांची रेघ

तीन महिने झाले, आठवड्याचे फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि सीमा जराही सरकली नसेल, टोचलेलंही कळत नसेल, तर 'अजून थोडं थांबा' हे उत्तर पुरेसं नाही. मज्जातंतू जोडण्याची शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली होते. ती करणारे तज्ज्ञ मोजके आणि मोठ्या शहरांतच असतात. जिभेच्या बाबतीत हा विचार साधारण तीन महिन्यांच्या सुमारास आणि ओठाच्या बाबतीत तीन ते सहा महिन्यांत करतात. वर्ष-दोन वर्षं घालवून गेल्यावर तिचा फायदा खूप कमी होतो. कोणाकडे जायचं, याची चिठ्ठी मागून घ्या.

शस्त्रक्रिया झाली तरी संवेदना पूर्वीसारखी येईलच असं नाही. चावलं-भाजलं तर कळावं आणि कळा कमी व्हाव्यात, इतपत अपेक्षा ठेवून निर्णय घ्यावा.

थोडा बधिरपणा राहूनच गेला तर

चांगल्या बाजूनं चावा, घास लहान घ्या, जेवल्यावर चूळ भरून त्या बाजूच्या गालात अन्न राहिलं नाही ना ते बोटानं तपासा. दाढी करताना आरशाशिवाय ब्लेड चालवू नका. चहाचा पहिला घोट चांगल्या बाजूनं घ्या. महिन्यातून एकदा उजेडात ओठ, गाल, जीभ बघा. बधीर भागातली जखम दुखत नाही, त्यामुळे ती दोन-तीन आठवडे तशीच राहू शकते. इतके दिवस न भरलेली कोणतीही जखम दाखवायलाच हवी, तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

गाईडसारख्या दिवसभर बोलणाऱ्या माणसाला जीभ बधीर असली की शब्द घसरल्यासारखे वाटतात. जिभेचा हा मज्जातंतू फक्त संवेदना नेतो, हालचालीचा तंतू वेगळा आहे. जीभ नीट हलते, पण कुठं टेकली ते कळत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं सावकाश, मोठ्यानं वाचन केलं की कानावर भिस्त ठेवून बोलण्याची सवय होते. बोलणं ऐकणाऱ्याला आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूपच स्पष्ट ऐकू येतं. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून खात्री करा.

दाताचा संबंध नसलेला बधिरपणा

सगळा बधिरपणा दातावर ढकलू नका. एकाएकी चेहरा वाकडा झाला, हाताची ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका विनामूल्य येते. दाताचं काहीच काम झालेलं नसताना हनुवटी किंवा ओठ बधीर होत असेल तर तेही लगेच तपासा. जबड्यातल्या गाठीपासून कर्करोगापर्यंत काहीही त्यामागं असू शकतं. चेहऱ्यावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. सरकारी दवाखान्यात त्यावरचं औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

दाताच्या कामानंतर ताप, जबड्याखाली वाढणारी कडक सूज, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यांतलं काहीही झालं तर तो संसर्ग पसरल्याचा इशारा आहे. तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं, मग रात्र असो की सणाचा दिवस.

बाकी वेळी, निघण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहा : काम कोणतं आणि कोणत्या बाजूला, सुईची तारीख आणि वेळ, टोचताना झटका बसला की नाही, आज बधीर काय आहे, आणि दुखतं की नुसतं जड आहे. फोनवर या ओळी वाचून दाखवल्या की आजच यायचं की थांबलं तरी चालेल, हे डॉक्टरांना तिथल्या तिथं सांगता येतं आणि वेरूळहून निष्कारण एक खेप वाचते.